तिबेटी लोककथा आणि त्यांचा बोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिबेटी कथा वाचून त्यावर स्वतःचं मनन लिहू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. बहुतेकांची अडचण एकच असते. गोष्ट संपते आणि बोध म्हणून हाती लागतं ते 'लोभ वाईट', 'एकीत बळ' असलं काहीतरी. ते तर वाचण्याआधीही ठाऊक होतं. या कथा त्याहून कितीतरी जास्त देतात, फक्त कुठे पाहायचं ते माहीत हवं.

'तिबेटी लोककथा' म्हणजे नेमक्या कोणत्या कथा?

एका नावाखाली बरंच काही येतं आणि ते वेगळं ओळखता आलं तर अर्ध काम होतं. पहिला मोठा साठा भारतातून गेलेला. आठव्या शतकापासून संस्कृत बौद्ध ग्रंथांचे तिबेटीत अनुवाद झाले. त्यांच्याबरोबर जातककथा (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी) आणि विनयातल्या, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथांतल्या, कथा गेल्या आणि पुढे घराघरांत तोंडी झाल्या. दुसरा साठा 'रो-डुङ', म्हणजे प्रेतानं सांगितलेल्या कथा. तिसरा आखू तोन्पासारख्या चतुर, लबाड नायकांच्या गोष्टींचा. चौथा म्हणजे लामांनी प्रवचनात वापरलेले दृष्टान्त. याशिवाय उत्पत्तिकथा आहेत. उदाहरणार्थ, माकड आणि खडकात राहणारी राक्षसीण यांच्यापासून तिबेटी लोक जन्मले ही कथा. त्सेतांग गावाजवळच्या डोंगरात त्या माकडाची गुहा दाखवतात.

गेसर राजाचं महाकाव्य मात्र वेगळं ठेवा. ते गायकांचं आहे, दिवसचे दिवस चालतं आणि त्यातला एखादा तुकडा सुटा काढून 'बोधकथा' म्हणून वाचला की तो पांगळा होतो. युनेस्कोनं २००९ मध्ये गेसर-गायनाची परंपरा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

सुरुवात कुठून करावी?

चार मित्रांच्या कथेपासून. मग दावा डाक्पाच्या बापाची गोष्ट, त्यानंतर रो-डुङची चौकटकथा आणि तिच्यातल्या तीन-चार कथा. कुत्र्याच्या दाताची गोष्ट त्यापुढे. आखू तोन्पा शेवटी, कारण त्याच्या गोष्टीत कोणाची जिरली हे कळायला आधी तिथला जमीनदार, व्यापारी आणि मठ डोळ्यांसमोर असावे लागतात.

यातल्या पुष्कळ गोष्टी तर आपल्या पंचतंत्रातल्याच आहेत. मग तिबेटी काय उरलं?

जे बदललं ते. मराठी वाचकाच्या हातात इथे मोठी सोय आहे, कारण मूळ कथा त्याला लहानपणापासून माहीत असते.

दावा डाक्पाच्या बापाची गोष्ट घ्या. एका गरीब माणसाला भरपूर जव मिळतात. तो ते पोत्यात भरतो, पोतं दोरानं तुळईला टांगतो आणि बरोबर त्याच्याखाली आडवा होतो. हे धान्य वाढवू, विकू, पैसा होईल, मग लग्न, मग मुलगा. मुलाचं नाव काय ठेवायचं? तेवढ्यात चंद्र उगवतो आणि नाव सापडतं: दावा डाक्पा, कीर्तिमान चंद्र. इकडे उंदीर दोर कुरतडत असतो. दोर तुटतो, पोतं छातीवर येतं आणि माणूस मरतो.

आता पंचतंत्रातला सोमशर्म्याचा बाप आठवा. सातूच्या पिठाचं मडकं खुंटीला टांगलेलं, खाली ब्राह्मण मनोराज्यात. त्यातही लग्न, त्यातही मुलगा आणि मुलाच्या नावातही सोम म्हणजे चंद्रच. पण तिथे तो मनातल्या मनात बायकोला लाथ मारतो, ती मडक्याला लागते आणि तो पिठानं पांढराफटक होतो. ऐकणारे हसतात.

तिबेटी कथेत लाथ नाही. बिचाऱ्याच्या हातून काहीच वावगं घडलेलं नाही, त्यानं फक्त वर पाहिलं नाही. म्हणून 'हवेत इमले बांधू नयेत' हा पंचतंत्रातला बोध तिबेटी कथेवर चिकटवला की तो अर्धाच बसतो. इथला उंदीर म्हणजे काळ आहे. तो तुमच्या चुकीची वाट पाहत नाही. तिबेटी लामा ही कथा अनित्यतेच्या आणि मृत्यूच्या चिंतनात सांगतात ते यासाठी. शिवाय ते पोतं काय आहे हेही लक्षात घ्या. तिबेटच्या पठारावर जव हेच मुख्य पीक आणि भाजल्या जवाचं पीठ, त्साम्पा, हेच रोजचं जेवण. भरलेलं पोतं म्हणजे पुढच्या दिवसांची शाश्वती. माणसाला मारते ती शाश्वतीच.

ही पद्धत प्रत्येक कथेला लावा. भारतीय भावंड शोधा, दोन्ही शेजारी ठेवा आणि कोण मेलं, कोण वाचलं, कोणाच्या हातानं घडलं, एवढ्या तीनच गोष्टींत काय बदललं ते पाहा. जातकांसाठी दुर्गा भागवतांचे 'सिद्धार्थ जातक'चे सात खंड मराठीत आहेतच.

चार मित्रांचं चित्र सगळीकडे दिसतं. त्याचा बोध 'एकीचं बळ' असाच ना?

नाही, आणि हीच सर्वांत जास्त होणारी गफलत आहे.

चित्रात फळांनी लगडलेलं झाड असतं. खाली हत्ती, त्याच्या पाठीवर माकड, माकडावर ससा, सशावर पक्षी. मठांच्या भिंतींवर, घरांच्या दारांजवळ, सतरंजीवर, चहाच्या पेल्यावरही ते असतं. चौघे एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून फळ काढताहेत असं वाटतं आणि 'सहकार्य' हा शब्द सुचतो.

कथेत मात्र फळ काढण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो थोरला कोण, हा. हत्ती सांगतो, मी आलो तेव्हा झाड माझ्या उंचीचं होतं. माकड सांगतं, माझ्या उंचीचं होतं. ससा म्हणतो, रोपाला दोन पानं होती तेव्हा मी त्यांच्यावरचं दव चाटलं आहे. पक्षी म्हणतो, ज्या बीपासून ते उगवलं ती मी खाऊन इथे टाकली. मग ठरतं की पक्षी सर्वांत थोरला, आणि मान त्या क्रमानं द्यायचा. सर्वांत बलवान प्राणी सर्वांत खाली, सर्वांत नाजूक सर्वांत वर.

पाली जातकांत ही ३७ वी, तित्तिर जातक. तिथे तीनच प्राणी आहेत, ससा नाही. ती सांगितली गेली तो प्रसंगही नोंदलेला आहे. तरुण भिक्षूंनी झोपायच्या जागा अडवल्या आणि बुद्धाचा ज्येष्ठ शिष्य सारिपुत्त याला रात्र झाडाखाली काढावी लागली. त्यावर बुद्धानं ही कथा सांगून ज्येष्ठतेचा नियम घालून दिला. तिबेटी रूपात पुढचा भागही येतो. चौघे शील पाळू लागतात, इतर प्राण्यांना शिकवतात, पाऊसपाणी वेळेवर होतं आणि राजाला वाटतं की हे आपल्याच पुण्याईनं झालं. एक ऋषी त्याला खरं कारण दाखवतो. संक्षिप्त आवृत्त्यांत हा राजा गाळलेला असतो, आणि त्याच्याबरोबर कथेचा सर्वांत धारदार भाग जातो. राज्य सुखी असण्याचं श्रेय जंगलातल्या चार प्राण्यांचं निघतं, ही साधी गोष्ट नव्हे.

प्रेताच्या कथा म्हणजे आपली वेताळ पंचविशीच का?

चौकट तिथलीच, पण अट बदलली आहे, आणि अटीबरोबर सगळंच बदललं आहे.

तिबेटी चौकट अशी: सात जादूगार भाऊ असतात. एक मुलगा त्यांची विद्या चोरून शिकतो. ते मागे लागतात. तो घोडा होतो, मासा होतो, कबुतर होतो आणि शेवटी बौद्ध आचार्य नागार्जुनाच्या आश्रयाला जातो. तिथे जीव वाचवताना त्याच्या हातून सातही जण मरतात. या पापाचं परिमार्जन म्हणून नागार्जुन त्याला दूरच्या स्मशानातून एक सिद्धिदायक प्रेत आणायला पाठवतो. बरोबर कुऱ्हाड, पोतं, दोर आणि न संपणारी शिदोरी देतो. अट एकच: प्रेत पाठीवर घेतल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही. प्रेत वाटेत गोष्ट सांगू लागतं. गोष्ट इतकी रंगते की मुलगा न राहवून 'अरेरे' किंवा 'वा' म्हणून जातो, आणि प्रेत पोत्यातून निसटून स्मशानात परत.

आपला विक्रम का बोलतो? त्याला उत्तर माहीत असतं आणि माहीत असून गप्प राहिला तर डोकं फुटेल, म्हणून. त्याची परीक्षा न्यायबुद्धीची आहे. तिबेटी मुलाला कोणी प्रश्नच विचारत नाही. त्याची परीक्षा जिभेची आणि अवधानाची आहे. ठाऊक असलेला नियम ऐन वेळी कसा विसरतो, याची ती कथा आहे आणि म्हणून ती पुन्हा पुन्हा घडते.

वाचताना दोन चुका टाळा. पहिली, चौकट सोडून सुट्या कथा वाचणं. मुलगा नेमका कोणत्या वाक्यावर बोलून गेला ते पाहिल्याशिवाय कथा पुरी होत नाही, कारण सांगणाऱ्यानं तिचा मर्मबिंदू तिथेच ठेवलेला असतो. दुसरी चूक म्हणजे 'एकूण पंचवीसच' असं धरून चालणं. वेगवेगळ्या संग्रहांत संख्या वेगळी असते, तेरा कथांचेही संग्रह आहेत आणि वीसच्या पुढचेही. मंगोलियात गेलेली शाखा आणखी निराळी. तुमच्या संग्रहात एखादी कथा नसेल तर तो संग्रह अपुरा आहे असं मानू नका.

कुत्र्याच्या दाताची गोष्ट अंधश्रद्धेचं समर्थन करते का?

हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो, आणि तो यायलाच हवा.

गोष्ट अशी: एका म्हातारीचा मुलगा व्यापारासाठी भारतात ये-जा करतो. ती त्याला सांगते, बोधगयेहून बुद्धाचा एखादा अवशेष आण. तो दर खेपेला विसरतो. शेवटी ती निर्वाणीचं बोलते. तरीही तो विसरतोच आणि घर जवळ आल्यावर त्याला आठवतं. वाटेत कुत्र्याची कवटी दिसते. तो एक दात उपटतो, रेशमात गुंडाळतो आणि 'हा बुद्धाचा दात' म्हणून आईच्या हातात ठेवतो. आई त्याची मनोभावे पूजा करते. दातातून मोत्यासारखे पवित्र कण, रिङसेल, निघू लागतात. पात्रुल रिनपोछे (१८०८–१८८७) यांच्या प्रवचनग्रंथात ही कथा येते आणि 'श्रद्धा असेल तर कुत्र्याच्या दातातूनही रिङसेल निघतात' ही म्हण तिबेटी लोकांच्या तोंडी असते.

मराठी वाचक चटकन 'भाव तेथे देव' म्हणून मोकळा होतो. पण तेवढ्यावर थांबलं की मुलगा कथेतून नाहीसा होतो. कथा त्याच्या खोटेपणाला कुठेही शाबासकी देत नाही. रिङसेल त्याला मिळत नाहीत, आईला मिळतात. तो वर्षानुवर्षं खऱ्या बोधगयेला जाऊन रिकाम्या हातानं परतला, आणि ती घराबाहेर न पडता पोचली. तीर्थाला जाणं आणि तीर्थ घडणं यांतलं अंतर या दोघांत मोजलेलं आहे. शिवाय ज्या परंपरेत ही कथा सांगतात, तीच परंपरा गुरू करण्याआधी त्याची नीट पारख करा असं बजावते. दोन्ही एकत्र वाचा. मननात आई, मुलगा आणि दात या तिघांवर वेगवेगळा परिच्छेद लिहिला, तर प्रश्न आपोआप नीट मांडला जातो.

आखू तोन्पा तर सरळ फसवतो. त्यातून काय घ्यायचं?

आधी तो कोणाला फसवतो ते पाहा. बहुतेक वेळा धान्य दाबून बसलेला जमीनदार, माप मारणारा व्यापारी, कधी राजा, कधी लामा. एक प्रचलित गोष्ट अशी: मालाची गाठोडी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला तो भल्या उंच ध्वजस्तंभाला धरायला लावतो, म्हणतो, 'पडतोय बघ, मी माणसं बोलावून आणतो.' व्यापारी वर पाहतो. ढग सरकत असतात, त्यामुळे खांब खरोखरच कलल्यासारखा वाटतो. तो जीव खाऊन खांब धरतो आणि माल जातो. थापेला पुरावा आकाशानं दिला, हे यातलं कसब आहे.

त्याला 'तिबेटचा बिरबल' म्हणण्याचा मोह टाळा. बिरबल दरबारात बसतो, बादशहाचा माणूस आहे. आखू तोन्पाला दरबार नाही, घर नाही. त्याच्या कित्येक गोष्टी पूर्णपणे चावट आहेत, त्यामुळे मुलांसाठी संग्रह घेताना आधी स्वतः वाचून निवडा. त्याच्या प्रत्येक गोष्टीतून नीतिपाठ काढायला जाऊ नका. काही गोष्टी दिवसभर राबणाऱ्यांना पोटभर हसवण्यासाठीच आहेत, आणि ते काम मोलाचं आहे.

कोणत्या गोष्टी आधी माहीत असाव्यात?

फार नाही. याक हा नर, मादीला डी म्हणतात. म्हणून 'याकचं दूध' हे अनुवादात आलं की समजावं, अनुवादकाचं लक्ष नव्हतं. याक आणि गाईचा संकर म्हणजे झो. चहा दुधासाखरेचा नसतो, मीठ आणि लोणी घालून लाकडी नळकांड्यात घुसळलेला असतो, आणि पाहुण्याचा पेला पुन्हा पुन्हा भरत राहणं हा पाहुणचार. 'लु' म्हणजे नाग, पण पूजेतल्या वारुळाचे नव्हेत. ते झऱ्यांचे, तळ्यांचे, पावसाचे आणि पाण्याखालच्या संपत्तीचे धनी. कथेत कोणी झरा घाण केला की पुढे आजारपण येणार हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, सांगावं लागत नाही. 'सिन्मो' म्हणजे राक्षसीण. ती नेहमीच वधासाठी नसते, उत्पत्तिकथेत ती आई आहे. पिरोजा, पोवळं, लोणी, मीठ ही धनाची चिन्हं. पिरोजा म्हणजे पाचू नव्हे.

वाचनाची टिपणं कशी ठेवावीत?

एका बैठकीत एकच कथा. रो-डुङ असेल तर चौकट आणि एक कथा. ओळीनं पाच वाचल्या की सगळ्यांचे बोध एकमेकांत मिसळतात.

पहिलं वाचन सलग, हातात पेन न घेता. मग पुस्तक मिटून कथा आठ-दहा वाक्यांत लिहा. जे विसरलात तेच दुसऱ्या वाचनात शोधायचं. बहुधा विसरलेला तपशीलच महत्त्वाचा निघतो: तो उंदीर, तो राजा, ती शिदोरी. दुसऱ्या वाचनानंतर तीन प्रश्नांची लेखी उत्तरं द्या. सुरुवातीला कोणाला काय कमी होतं? कोणती अट किंवा वचन दिलं गेलं? शेवटी किंमत कोणी मोजली? बोधाचं वाक्य त्या दिवशी लिहूच नका. दुसऱ्या दिवशी लिहा, एकच वाक्य, आणि त्यात कथेतली एक वस्तू आलीच पाहिजे. 'लोभ करू नये' चालणार नाही. 'टांगलेल्या पोत्याखाली झोपणाऱ्यानं दोराकडे पाहावं' चालेल. ही सक्ती जाचक वाटते, पण गुळगुळीत सुविचार तिच्यापुढे टिकत नाहीत.

वहीचं पान मधोमध दुमडून डावीकडे कथा आणि उजवीकडे स्वतःचं मत ठेवावं. दोन्ही एका परिच्छेदात आलं की महिन्याभरानं कथेत काय होतं आणि आपण काय घातलं, हे स्वतःलाच ओळखता येत नाही.

मनन लिहिताना सर्वांत जास्त काय बिघडतं?

कर्माचा अर्थ 'जशास तसे' एवढाच घेतला जातो. रो-डुङमधला मुलगा जीव वाचवताना मारतो, तरी त्याला प्रायश्चित्त आहे. शिक्षा मात्र नाही, काम आहे. दुसरं म्हणजे आपल्या व्रतांच्या कहाण्यांची सवय. तिथे उतायचं नाही, मातायचं नाही आणि शेवटी फळ ठरलेलं. तिबेटी कथेत फळ पुष्कळदा लांबणीवर पडतं किंवा दुसऱ्यालाच मिळतं. तिसरं, तिबेटला धुक्यातली पुण्यभूमी करून टाकणं. या कथांत सावकार आहेत, चोर आहेत, भांडखोर सासवा आहेत, ढोंगी साधूही आहेत. ते गाळून लिहिलेलं मनन तिबेटवर अन्यायच करतं.

जुने इंग्रजी संग्रह विश्वसनीय आहेत का?

उपयोगी आहेत, पण कोणी आणि कशासाठी जमवले ते पाहून वाचा. १९०६ चा एक प्रसिद्ध संग्रह ब्रिटिश लष्करी अधिकारी ओ'कॉनर यांचा. ते तिबेटवर चाल करून गेलेल्या १९०३–०४ च्या ब्रिटिश यंगहसबंड मोहिमेत तिबेटी जाणणारे अधिकारी होते. १९२५ चा दुसरा संग्रह खाममध्ये (पूर्व तिबेट) काम केलेल्या शेल्टन या मिशनरी डॉक्टरांचा, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला. पहिल्यात चावट भागाला कात्री आणि दुसऱ्यात कथा फार आटोपशीर असं जाणवेल. चीनमध्ये १९५० नंतर छापलेल्या संग्रहांत जमीनदारविरोधी कथांवर भर दिसतो. एकच कथा दोन वेगळ्या संग्रहांतून वाचली तर कापलेलं आणि जोडलेलं दोन्ही उघडं पडतं.

नावं देवनागरीत कशी लिहावीत?

इंग्रजी 'ड्र' किंवा 'द्र' वरून जाऊ नका. ल्हासाच्या उच्चारात तिथे बहुधा 'ड' किंवा 'ट' ऐकू येतो. पण रूढ झालेली नावं उगाच बदलू नयेत, आणि एका लेखात एकच रूप ठेवावं.

लहान मुलांना कोणती गोष्ट वाचून दाखवावी?

पाण्यात फळ पडून 'डुबुक' आवाज होतो, ससे पळत सुटतात आणि त्यांना पाहून सगळं जंगल पळू लागतं, ती. बेलफळ पडून 'आभाळ कोसळलं' म्हणणारा ससा मुलांना माहीत असतोच. दोन्हींचं मूळ दुद्दुभ जातकात. सिंह एकेकाला 'तू स्वतः पाहिलंस का?' असं विचारत मागे जातो, तो भाग घाई न करता वाचा आणि प्रत्येक प्राण्याचं उत्तर मुलांकडून वदवून घ्या. रो-डुङ दहा-बारा वर्षांनंतर. त्यात कापाकापी आहे.

या कथा प्रत्यक्ष ऐकायला, पाहायला कुठे मिळतील?

धरमशालेत तिबेटी वर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या पौर्णिमेला दलाई लामा जातककथा वाचून त्यावर बोलतात, ही ल्हासातल्या मोनलाम या प्रार्थना-उत्सवाची परंपरा. तिथल्याच तिबेटी नाट्य व संगीत संस्थेत ल्हामो हे संगीत नाटक होतं. त्यातला डिमे कुन्देन म्हणजे आपल्या जातकातला दानशूर राजपुत्र विश्वंतर. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथे जायचं तर हिवाळा टाळा, कारण तेव्हा बरीच कुटुंबं स्वेटर विकायला गावोगाव गेलेली असतात. लोसारच्या, म्हणजे नववर्षाच्या सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये माणसं घरी असतात. वयस्कर व्यक्तीला 'एखादी गोष्ट सांगा' असं मोघम विचारलं तर बहुधा नकार येतो. 'आखू तोन्पा आणि खांबाची गोष्ट तुमच्याकडे कशी सांगतात?' असं नाव घेऊन विचारा. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी परवानगी घ्या, आणि सांगणारा मूळचा खामचा, आम्दोचा (ईशान्य तिबेट) की मध्य तिबेटचा हे कथेच्या वर लिहून ठेवा.